वीस हजारांचा आकडा कोठून आला?

बंगळूरच्या पूर्वेला महादेवपुरा हा विभाग आहे. व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी, हूडी, वर्तूर ही तिकडची नावे आता पुण्या-साताऱ्याच्या आणि नागपूर-कोल्हापूरच्या अनेक घरांत ओळखीची झाली आहेत. कारण त्या घरांतील मुलेमुली तेथे नोकरीला आहेत. पावसाळा आला की डेंग्यूच्या बातम्यांत या विभागाचे नाव वारंवार येते. त्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात येथील कूपनलिका आटल्या आणि टँकरचे पाणी पिंपांत व टाक्यांत साठवले जाऊ लागले. पाऊस सुरू झाला की कुंडीखालच्या ताटल्या, गच्चीवरचे भंगार आणि अर्धवट बांधकामांतील हौद भरतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला असेच साठलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. म्हणजे पाणी नसले तरी त्याचे फावते आणि पाणी आले तरी फावते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले.

या दिवसांत रहिवाशांच्या गटांवर एकाच धाटणीचे संदेश फिरतात : तातडीने प्लेटलेट्स हव्यात, अमुक रक्तगट, रुग्णाच्या प्लेटलेट्स अठरा हजार. शेकडो मैलांवरील आईवडील फोनवर पहिला प्रश्न विचारतात, ‘कालचा आकडा किती होता आणि आजचा किती?’ आकडा पन्नास हजारांखाली गेला की घर अस्वस्थ होते. वीस हजारांखाली गेला की रक्तदात्यांसाठी धावपळ सुरू होते. या धावपळीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. हा वीस हजारांचा आकडा ठरवला कोणी, आणि कोणत्या रुग्णांकडे पाहून?

त्याचे उत्तर प्लेटलेटच्या इतिहासात आहे. तो इतिहास नीट वाचला, तर रक्ततपासणीच्या कागदाकडे पाहण्याची आपली रीत बदलेल.

आजार आधी, पेशी नंतर

पाठ्यपुस्तकांत जिला रक्तबिंबिका किंवा रक्तपट्टिका म्हणतात, ती प्लेटलेट म्हणजे पूर्ण पेशीही नव्हे. अस्थिमज्जेतील अवाढव्य पेशींपासून सुटलेला तो एक बिनकेंद्रकाचा तुकडा असतो. त्याचा व्यास दोन ते तीन मायक्रॉन आणि आयुष्य सात ते दहा दिवस. निरोगी प्रौढाच्या शरीरात रोज सुमारे शंभर अब्ज प्लेटलेट्स नव्याने तयार होतात, आणि एकूण साठ्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश प्लीहेत विसावलेला असतो. रक्तवाहिनीला छिद्र पडले की तेथे सर्वांत आधी त्या चिकटतात आणि बूच तयार करतात.

हे कळण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या अभावाचे परिणाम वैद्यांनी पाहिले होते. १७३५ मध्ये हॅनोव्हरच्या पॉल वेर्लहोफ यांनी अंगावर जांभळे ठिपके उठणाऱ्या आणि नाका-तोंडातून रक्त जाणाऱ्या आजाराचे वर्णन केले. मार नाही, ताप नाही, तरी त्वचेखाली रक्त साकळते. वेर्लहोफ यांना आजार दिसला. त्याचे कारण दिसण्याजोगे साधन त्या काळी नव्हते.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारले, तसे तांबड्या आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत काही बारीक कण दिसू लागले. जर्मनीत माक्स शुल्ट्झे यांनी १८६५ मध्ये त्यांचे वर्णन केले. १८७४ मध्ये लंडनमध्ये शिकत असलेल्या विल्यम ऑस्लर यांनी दाखवले, की रक्तवाहिनीत असताना हे कण सुटे असतात आणि रक्त बाहेर काढले की त्यांचे पुंजके होतात. हे पुंजके पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

या कणांचे काम ओळखले ते इटलीतील तूरिनच्या जूलिओ बिझ्झोझेरो यांनी. १८८१-८२ च्या सुमारास त्यांनी जिवंत प्राण्यांच्या आतड्याच्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळल्या. वाहिनीला इजा करताच तेथे प्रथम हेच कण गोळा होतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. रक्तातील ही एक स्वतंत्र जात आहे, ती रक्तस्राव थांबवते आणि वाहिनीत गुठळीही तीच धरते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. १९०६ मध्ये बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी या कणांचे उगमस्थान दाखवले : अस्थिमज्जेतील मेगॅकॅरिओसाइट नावाच्या मोठ्या पेशी.

राइट यांच्याबरोबर काम केलेल्या विल्यम ड्यूक यांनी १९१० मध्ये शेवटची कडी जोडली. प्लेटलेट्स अत्यंत कमी असलेल्या आणि रक्तस्राव न थांबणाऱ्या रुग्णाला त्यांनी दुसऱ्याचे ताजे रक्त दिले. प्लेटलेट्स वाढल्या आणि रक्त थांबले. थोड्या दिवसांत त्या उतरल्या आणि रक्त पुन्हा वाहू लागले. प्लेटलेट्स आणि रक्तस्राव यांचे नाते येथे सिद्ध झाले. मात्र ड्यूक यांचा रुग्ण रक्तस्रावाने बेजार होता. त्यांनी रक्तस्रावावर उपचार केला होता, आकड्यावर नव्हे.

कमी का होतात?

तिजोरीतील पैसे दोन कारणांनी कमी होतात : आवक घटते किंवा खर्च वाढतो. प्लेटलेट्सचेही तसेच आहे. अस्थिमज्जा आजारी पडली तर निर्मिती घटते. पण निर्मिती चालू असूनही आकडा उतरू शकतो, याची पहिली चाहूल १९१६ मध्ये प्रागमध्ये लागली. पॉल काझ्नेल्सन हे तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी होते. प्लेटलेट्सचा नाश प्लीहेत होत असावा असा त्यांचा कयास होता आणि त्यांनी आपल्या प्राध्यापकांना रुग्णाची प्लीहा काढून पाहण्याचे सुचवले. शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट्स झपाट्याने वाढल्या.

पण प्लीहेत नाश होतो तो कशामुळे? अमेरिकेतील सेंट लुइस येथे १९५० मध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने याचे उत्तर स्वतःच्या देहावर शोधले. प्लेटलेट्स सतत कमी असणाऱ्या एका स्त्रीचे सुमारे अर्धा लिटर रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतले. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट्स जवळजवळ नाहीशा झाल्या, त्यांना झटका आला आणि अंगावर रक्ताचे ठिपके उठले. काही दिवसांनी आकडा आपोआप पूर्ववत झाला. रुग्णाच्या रक्तद्रवातच प्लेटलेट्सचा नाश करणारा घटक आहे, हे या प्रयोगाने दाखवले; तो घटक म्हणजे शरीराने स्वतःच्याच प्लेटलेट्सविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे, हे पुढे स्पष्ट झाले. असा प्रयोग आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही. पण त्यातून मिळालेली शिकवण टिकाऊ आहे : नाशाचे कारण शरीरात हजर असेल, तर बाहेरून घातलेल्या प्लेटलेट्सही त्याच वाटेने जातात.

मोजणी

आकड्याची भीती वाटण्यासाठी आधी आकडा हाती यावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्लेटलेट मोजणे हे कटकटीचे काम होते. कण बारीक, चिकट आणि धुळीशी गफलत होण्यासारखे. १९५० मध्ये ब्रेचर आणि क्रॉन्काइट यांनी विशिष्ट द्रावण आणि फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक वापरून भरवशाची पद्धत दिली. १९५३ मध्ये वॉलेस कूल्टर यांना एका यंत्राच्या तत्त्वासाठी पेटंट मिळाले. सूक्ष्म छिद्रातून पेशी एकेक करून जाताना विद्युतरोध क्षणभर वाढतो. त्या वाढी मोजल्या की पेशी मोजल्या जातात, आणि वाढीच्या प्रमाणावरून पेशीचा आकार कळतो. आज गल्लीतील प्रयोगशाळेतही सीबीसीचा अहवाल तासाभरात मिळतो, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

यंत्र आकार पाहून ओळखते, हीच त्याची मर्यादाही आहे. काही व्यक्तींचे रक्त नळीतील ईडीटीए या द्रव्यात मिसळले की प्लेटलेट्सचे पुंजके होतात. यंत्र पुंजक्याला प्लेटलेट मानत नाही आणि अहवालात चाळीस हजार छापून येतात. प्रत्यक्ष शरीरात त्या दोन लाख असतात. ऑस्लर यांनी पाहिलेल्या पुंजक्यांचीच ही आठवण. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून डोळ्यांनी पाहिले, की अशी चूक सहज कळते.

कधी प्लेटलेट्स मुळातच मोठ्या असतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी २००२ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पश्चिम बंगालमधून आलेल्या कित्येक निरोगी रक्तदात्यांच्या प्लेटलेट्स आकाराने मोठ्या आणि संख्येने दीड लाखांहून कमी होत्या. त्यांना रक्तस्रावाचा कोणताही त्रास नव्हता. दीड लाख ते साडेचार लाख ही ‘सामान्य’ मर्यादा म्हणजे निरोगी माणसांच्या मोजण्यांवरून आखलेला संख्याशास्त्रीय पट्टा आहे. त्या पट्ट्याबाहेरचा माणूस आजारी असतोच असे नाही.

वीस हजारांचा जन्म

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुले दाखल होत. त्यांतील अनेकांचा मृत्यू कर्करोगापेक्षा रक्तस्रावाने आधी होई. एमिल फ्रायराइक आणि त्यांचे सहकारी ताज्या प्लेटलेट्स देऊन तो थोपवण्याचा प्रयत्न करीत होते. साठा तुटपुंजा होता, तेव्हा केव्हा द्यायच्या हे ठरवणे भाग होते. १९६२ मध्ये गेडॉस, फ्रायराइक आणि मँटेल यांनी तीव्र रक्तकर्काच्या ९२ रुग्णांतील प्लेटलेटसंख्या आणि रक्तस्राव यांचे नाते तपासून निबंध प्रसिद्ध केला. आकडा उतरतो तसा रक्तस्राव वाढतो, वीस हजारांच्या वर मोठा रक्तस्राव क्वचित आढळतो, पण ज्याच्या खाली धोका एकाएकी सुरू होतो असा उंबरठा सापडत नाही, असे त्यातून दिसले.

म्हणजे ज्या निबंधातून वीस हजारांचा नियम जगभर गेला, त्या निबंधाने उंबरठा सापडला असे म्हटलेच नव्हते. शिवाय त्या काळी रुग्णांना तापासाठी ॲस्पिरिन दिले जाई. ॲस्पिरिनमुळे प्लेटलेट्सचे काम बिघडते, हे त्यानंतर काही वर्षांनी स्पष्ट झाले. तरीही डॉक्टरांना रात्रपाळीत निर्णय घेण्यासाठी एक गोल आकडा हवा होता आणि वीस हजार हा आकडा रूढ झाला.

तो रूढ होण्याला साठवणुकीच्या तंत्राचाही हातभार लागला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांमुळे एका रक्तातून घटक वेगळे काढणे सोपे झाले. १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवले, की थंड ठेवलेल्या प्लेटलेट्स शरीरात शिरताच लवकर नाहीशा होतात. त्या सुमारे २२ अंशांवर ठेवणे चांगले. म्हणून आजही रक्तपेढीत प्लेटलेट्सच्या पिशव्या शीतपेटीत नसतात. त्या हलणाऱ्या फळ्यांवर ठेवलेल्या असतात आणि सर्वसाधारणपणे पाच दिवसांत वापराव्या लागतात.

वीस हजारांची खरी परीक्षा व्हायला पस्तीस वर्षे लागली. १९९७ मध्ये बिझ्झोझेरो यांच्याच देशात, रेबुला आणि सहकाऱ्यांनी तीव्र रक्तकर्काच्या २५५ रुग्णांचे दोन गट केले : एका गटाला वीस हजारांखाली प्लेटलेट्स दिल्या, दुसऱ्याला दहा हजारांखाली. मोठ्या रक्तस्रावाच्या धोक्यात फरक पडला नाही. प्लेटलेट्सचा वापर मात्र एक पंचमांशाहून अधिक घटला. कर्करोगाच्या वॉर्डांत आकडा दहा हजारांवर आला. लोकांच्या मनात वीस हजारच राहिला.

डेंग्यूच्या खाटेपाशी

डेंग्यूशी या आकड्याचा संबंध वेगळ्या मार्गाने आला. १९५० च्या दशकात मनिला आणि बँकॉक येथे लहान मुलांत रक्तस्रावी तापाच्या साथी आल्या. बँकॉकच्या बालरुग्णालयात सुचित्रा निम्मान्नित्या यांनी अशा मुलांच्या आजाराचा क्रम बारकाईने नोंदवला. मुले दगावत होती ती प्रामुख्याने केशवाहिन्या पाझरू लागल्यामुळे. रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो, रक्त दाटते, नाडी क्षीण होते आणि हातपाय गार पडतात. म्हणून निदानासाठी दोन खुणा जोडीने ठरवल्या गेल्या : प्लेटलेट्स एक लाख वा त्याखाली, आणि रक्ताचा दाटपणा वाढणे. अहवालात हा दाटपणा हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही या नावाने असतो. योग्य वेळी, मोजून दिलेले सलाइन हा त्यावरचा मुख्य उपचार ठरला आणि त्याने मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले.

भारतात १९६३-६४ मध्ये कोलकात्याला मोठी साथ आली. १९९६ मध्ये दिल्लीत १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. डेंग्यू शहरी मध्यमवर्गाच्या घरात आला आणि सीबीसीची तपासणीही तेव्हाच स्वस्त व सर्वत्र झाली. जोडीतल्या दोन खुणांपैकी हिमॅटोक्रिट समजायला अवघड. प्लेटलेट मात्र लाखा-हजारांत बोलते. लोकांनी तीच उचलली. मग कर्करोगाच्या वॉर्डातला वीस हजारांचा नियम डेंग्यूच्या खाटेपाशी येऊन बसला.

या दोन आजारांत मात्र मोठा फरक आहे. रक्तकर्काच्या रुग्णाची अस्थिमज्जा आजाराने आणि औषधांनी दीर्घकाळ निकामी झालेली असते. डेंग्यूत विषाणू मज्जेला काही दिवस दाबतो. सोबत प्रतिकारयंत्रणा प्लेटलेट्सचा नाश करते. ताप उतरण्याच्या सुमारास आकडा तळाला जातो आणि बहुतेकांत दोन-चार दिवसांत स्वतःहून वर येतो. हॅरिंग्टन यांचा आकडा आला होता, तसाच. बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्सही त्या नाशातून सुटत नाहीत.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सिंगापूर आणि मलेशियातील पाच रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेंग्यूच्या ३७२ प्रौढ रुग्णांच्या प्लेटलेट्स वीस हजार किंवा त्याखाली होत्या, पण गंभीर रक्तस्राव नव्हता. निम्म्यांना प्लेटलेट्स दिल्या, निम्म्यांना नाही. प्लेटलेट्स दिलेल्यांत २१ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत २६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. दुष्परिणामांच्या घटना मात्र पहिल्या गटात तेरा आणि दुसऱ्यात दोन होत्या. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही रक्तस्राव नसताना प्लेटलेट्स देण्याचा विचार दहा हजारांखालीच करावा, असे म्हटले आहे. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. तेथे प्लेटलेट्स जीव वाचवू शकतात आणि तो निर्णय डॉक्टरांचा असतो.

पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचे दूध यांच्या कीर्तीचे रहस्यही याच आलेखात आहे. आकडा तळाला जातो तेव्हा घरचे हे उपाय सुरू करतात आणि त्यानंतर तो चढतो, कारण तो चढणारच असतो. पपईच्या अर्कावर काही छोटे अभ्यास झाले आहेत. आकडा थोडा लवकर वाढतो असे त्यांतील काहींत दिसले. पण त्याने मृत्यू टळतात असे सिद्ध झालेले नाही.

कागद कसा वाचावा?

प्लेटलेट्स उतरवणारा ताप एकटा डेंग्यूच नव्हे. मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसमध्येही त्या उतरतात. १९५७ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात एका नव्या विषाणूचा शोध लावला. त्या आजारातही प्लेटलेट्स कमी होतात. तोच आजार २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात ‘माकडताप’ म्हणून पोहोचला. महादेवपुऱ्यातील फ्लॅटमध्ये आणि दोडामार्गच्या काजूबागेत अहवालावरचा आकडा एकच असू शकतो. आजार मात्र वेगळा, त्याचा वाहक वेगळा आणि पुढची वाटही वेगळी.

म्हणून आकड्यासोबत चार गोष्टी विचाराव्यात. नाक, हिरड्या, लघवी किंवा शौचातून रक्त जाते आहे का? पोटात सतत दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, रुग्ण सुस्त किंवा अस्वस्थ झाला आहे का? हिमॅटोक्रिट कालच्यापेक्षा वाढले आहे का? आणि ताप उतरून किती तास झाले? कारण ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमका तोच काळ जपण्याचा असतो. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, हे १९६० च्या दशकाने शिकवले आहेच.

आणखी एक गोष्ट लक्षात असावी. पाच दिवसांचे आयुष्य असलेली ती पिशवी रक्तपेढीत मोजकीच असते. पावसाळ्यात जेव्हा केवळ आकड्याच्या धास्तीने ती मागवली जाते, तेव्हा त्याच शहरात रक्तकर्काने आजारी असलेले एखादे मूल तिची वाट पाहत असते. १९६२ चा तो निबंध अशाच मुलांसाठी लिहिला गेला होता.